सेट – सेट – सेट

"आजोबा, बाप्पाला इथे सेट करू?"

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या डोंबिवलीच्या घरात हे वाक्य पडलं आणि पुठ्ठ्याच्या मखराला डिंक लावणारे सगळे हात जागच्या जागी थांबले. वाक्य माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्याचं. तो न्यू जर्सीहून आई-बाबांबरोबर पंधरा दिवसांसाठी आलेला. मराठी त्याला उत्तम समजतं, बोलतोही गोड, फक्त क्रियापद आलं की तेवढ्यापुरता अमेरिकेला जाऊन येतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय ८४. चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मराठीत घुसलेल्या इंग्रजीचा इंग्रजीच्या मास्तराला जेवढा राग येतो तेवढा संस्कृतच्या पंडितालाही येत नसावा. आपल्याच ओळखीचा माणूस आपल्याला न विचारता घरात राहायला यावा, तसा तो राग असतो. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाप्पाला बसवतात. सेट करायला तो काय टीव्ही आहे?"

पुतण्यानं मूर्तीकडे निरखून पाहिलं. पेणची मूर्ती, पाटावर ठेवलेली, तोंडावर रुमाल. "पण आजोबा, बाप्पा तर ऑलरेडी बसलाय. बसलेल्याला परत कसं बसवणार?"

आमच्या घरात आप्पांना निरुत्तर करण्याचा हा १९८७ नंतरचा पहिलाच प्रसंग. (१९८७ चा प्रसंग आईनं आणला होता, तो लेखात सांगण्यासारखा नाही.) कोंडी फोडायला आप्पा माझ्याकडे वळले. "तू लिहितोस ना काहीबाही? मग जरा शोध ह्या सेटचं मूळ. सांग त्याला, कुठला शब्द आणि कुठे आणून टाकलाय."

मी आप्पांच्या बाजूनं पुरावा गोळा करायला बसलो, हे आधीच नोंदवून ठेवतो. पुढे जे झालं त्यात माझा दोष नाही.

मुळात आप्पांच्या वर्गात हा शब्द आमचा फार लाडका होता. 'गो-वेंट-गॉन', 'सी-सॉ-सीन' अशी क्रियापदांची रूपं कोरसमध्ये म्हणताना अर्धा वर्ग 'बिगिन'पाशी गारद व्हायचा. मग फळ्यावर उन्हातल्या झाडासारखी एक ओळ यायची: कट-कट-कट, पुट-पुट-पुट, सेट-सेट-सेट. तिथे मागच्या बाकावरची मुलंसुद्धा छाती पुढे काढून ओरडायची. काल, आज, केव्हाही सेट तो सेटच. काळ बदलला तरी ज्याचं रूप बदलत नाही असं एवढं सज्जन क्रियापद इंग्रजीत आहे, ह्याबद्दल आम्हाला इंग्रजांविषयी थोडी आपुलकीसुद्धा वाटायची.

सज्जनपणा रूपापुरताच, हे शब्दकोश उघडल्यावर कळलं. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तिच्यात सगळ्यात लांबलचक नोंद कुठल्या शब्दाची? देव, प्रेम, पैसा, राजा, कोणाचीच नाही. सेटची. ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्द! साठ हजार शब्दांत मराठीत एक बऱ्यापैकी कादंबरी होते, वर नायकाचं लग्नही उरकतं. हा लेख आहे ना, असे चोवीस लेख एकापुढे एक मांडले की एक सेट होतो.

ह्या कोशाचं काम जेम्स मरे ह्या शाळामास्तरानं १८७९ साली अंगावर घेतलं. पत्र्याच्या शेडमध्ये बसून, जगभरातून आलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्या खणाखणांत लावत त्यानं उरलेलं आयुष्य काढलं. घरात अकरा मुलं; त्यांना खाऊच्या पैशावर चिठ्ठ्या लावायला बसवायचा. १९१५ साली तो गेला तेव्हा कोश अपुराच होता. पण सेट ज्या भागात येतो तो भाग मरेच्या वाट्याला नव्हता. तो केला हेन्री ब्रॅडलीनं. हा ब्रॅडली आधी वीस वर्षं शेफिल्डच्या सुऱ्या-काट्यांच्या एका पेढीत पत्रव्यवहाराचा कारकून होता. सुरी-काट्यांचे सेट जिथून जगभर जायचे तिथे वीस वर्षं काढलेल्या माणसाच्याच टेबलावर शेवटी सेट येऊन पडावा, ह्याला आमच्याकडे ऋणानुबंध म्हणतात.

आता मूळ. जुन्या इंग्रजीत 'सिटान' म्हणजे बसणे. त्याचं प्रयोजक रूप 'सेटान', म्हणजे... मी इथे वाचायचा थांबलो, उठलो, पाणी प्यालो आणि परत वाचलं. सेटान म्हणजे बसायला लावणे. बसवणे!

मराठीत कसं, निजणे-निजवणे, उठणे-उठवणे, बसणे-बसवणे. इंग्रजीतही एके काळी असंच यंत्र होतं. ते मोडलं, पण त्यातून निघालेला काही माल अजून दुकानात आहे. फॉल म्हणजे पडणे, म्हणून फेल म्हणजे झाड पाडणे. लाय म्हणजे आडवं होणे, म्हणून ले म्हणजे आडवं ठेवणे. ह्या लाय आणि ले ह्यांच्या घोळात चौतीस वर्षांत आप्पांचे किती केस गेले ते त्यांच्या डोक्याकडे पाहून कळतं. सिट आणि सेट ही त्याच कुळातली जोडी.

म्हणजे पोरगं बरोबर होतं. 'बाप्पाला सेट करू' हे 'बाप्पाला बसवू' ह्याचं जवळजवळ हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत केलेलं अचूक भाषांतर होतं. नाक्यावरची मंडळंही चतुर्थीला बाप्पाला 'बसवतात' ते ह्याच न्यायानं: तो कारखान्यातून बसूनच येतो, पण आपण बसवल्याशिवाय तो बसला असं आपण धरत नाही.

वाईट बातमी एकटी येत नाही. सिट आणि सेट ह्यांचा मूळ धातू आणि आपला संस्कृत 'सद्' हे चुलतभाऊ. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे काका आणि तळमजल्यावरचे काका हे चुलतभाऊ असल्याचं वीस वर्षांनी कळलं होतं, तसंच हे. सद् म्हणजे बसणे. सगळे एकत्र बसले की संसद, भोवती बसले की परिषद, गुरूच्या जवळ जाऊन बसले की उपनिषद, आणि बसतात ती जागा सदन. इंग्रजी 'सेशन' लॅटिनातून आलं, तेही ह्याच धातूचं. आपलं 'सत्र'ही सद् पासूनच. म्हणजे विधिमंडळाचं सत्र म्हणा की सेशन, व्युत्पत्ती एकच सांगते, की मंडळी बसली आहेत. बसून काय करतात ह्यावर व्युत्पत्तिशास्त्र मौन पाळतं. 'प्रेसिडेंट' म्हणजे पुढे बसलेला. 'सबसिडी' मूळ रोमन सैन्यातली. मागे राखून बसवलेली कुमक. ती अजून मागेच बसून आहे, हे कुठल्याही कांदा उत्पादकाला विचारा.

ह्या खानदानातला मला सगळ्यात आवडलेला शब्द मात्र वेगळाच आहे. कवितेत पाखरू संध्याकाळी ज्याच्याकडे परततं ते 'नीड'. नि म्हणजे खाली, आणि पुढे सद् चा चुरा. खाली बसण्याची जागा. इंग्रजी 'नेस्ट' अक्षरशः तोच शब्द, त्याच दोन तुकड्यांचा. घरटं बांधणारा पक्षी पाच-सहा हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा गवताळ मैदानात कोणी पाहिला, त्याला एक नाव दिलं, आणि ते नाव एका बाजूनं इंग्लंडला आणि दुसऱ्या बाजूनं आमच्या सातवीच्या मराठीच्या पुस्तकात पोचलं. आणि 'प्रसाद'! गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला की पाणी निवळतं, प्रसन्न होतं. त्या बसण्यातून प्रसाद. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते मोदकाचं सारण चाखत होते. "योगायोग," म्हणाले.

"आणि आपलं बसणं?" त्यांनी आशेनं विचारलं. "ते तरी ह्यांच्यातलं नाही ना?"

ते नाही. बसणे आलं उपविश् पासून. त्याचं आधी 'बैसणे' झालं, जे जुन्या मराठीत पावलोपावली भेटतं, आणि मग 'बसणे'. विश् म्हणजे शिरणे, प्रवेश त्यातलाच. मराठी माणसाच्या घरात शिरलेला पाहुणा बसतोच, आणि बसलेला लवकर उठत नाही, ह्याची नोंद भाषेनं इतक्या आधी करून ठेवली होती. आप्पा खूश झाले. मी त्यांना लगेच पुढचं सांगितलं नाही. विश् चा लॅटिन भाऊ 'विकुस', म्हणजे वस्ती. तो उसना घेऊन इंग्रजांनी गावांच्या शेपटाला 'विच' लावलं. ग्रीनविच, नॉर्विच, आणि केंट परगण्यातलं सँडविच. त्या सँडविचचा एक अर्ल पत्त्यांच्या डावावरून उठायला तयार नव्हता म्हणून त्यानं पावात मांस घालून जागेवरच मागवलं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो नसो, न उठणाऱ्या माणसाच्या खाण्याला बसण्याच्याच धातूचं नाव मिळालं, हे पाहून माझा भाषेवरचा विश्वास बसला.

बघा, विश्वाससुद्धा बसतोच. इथे ऑक्सफर्डवाल्यांनी एकदा आमच्याकडे येऊन बसायला हवं होतं. आवाज बसतो, धक्का बसतो, धूळ बसते, घडी बसते, वचक बसतो, थोबाडीत बसते, महिन्याचं गणित बसत नाही, शेजाऱ्याचं दुकान बसतं, मोटरसायकल दुरुस्तीला तीन हजार खर्च बसतो, आणि चार वर्षं पोळ्या लाटल्यावर हात बसतो. ह्यातल्या एकाही प्रसंगी कोणीही प्रत्यक्ष बसलेलं नसतं. "एकदा बसू या" ह्या तीन शब्दांचा अर्थ तर कोण म्हणतंय त्यावर ठरतो. थोरले काका म्हणाले तर वाटण्यांची बोलणी. सोयरे म्हणाले तर देण्याघेण्याची. आणि ऑफिसातला मित्र शुक्रवारी संध्याकाळी आवाज बारीक करून म्हणाला तर काय, ते मी आप्पा हा लेख वाचणार असल्यामुळे लिहीत नाही. मोल्सवर्थनं आपल्या कोशात, १८३१ ला आणि पुन्हा १८५७ ला, मराठी शब्दांचे अर्थ आकडे घालून एकाखाली एक लावले. शुक्रवारच्या अर्थाला आकडा द्यायला तो हयात नाही, एवढंच.

तर बसवणे बरोबर सेट. इंग्रज हाड सेट करतो, आपण हाड बसवतो. तो अंगठीत हिरा सेट करतो, आपण खडा बसवतो. मी विजयी मुद्रेनं हे आप्पांना वाचून दाखवलं. पण मास्तर निवृत्त झाला तरी त्याचा तांबडा पेन निवृत्त होत नाही. "गजर?" आप्पा म्हणाले. "गजर बसवतोस का? सापळा? जेवायचं टेबल? घराला आग?"

गजर आपण लावतो. सापळा लावतो, टेबल लावतो, आगही लावतो. इंग्रज हे सगळं सेट करतो. एवढंच काय, विरजण लावतो आणि दही लागतं. म्हणजे इंग्रजांचा एक सेट जे काम करतो त्याला आपल्याकडे बसवणे आणि लावणे अशी दोन माणसं कामाला आहेत. तिथे एकच नोकर सगळं करतो, म्हणून त्याच्या कामांची यादी साठ हजार शब्दांची. आप्पांना एक गुण मिळाला. त्यांनी तो स्वतःच्याच हातानं देऊन घेतला.

घरात कपबशांचा जो सेट असतो, जो पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात ठेवतात आणि पाहुणे आल्यावर "असू दे, रोजच्याच कपात दे" म्हणून परत ठेवतात, तो मात्र मुळात ह्या कुटुंबातला नाही. बसणाऱ्या सेटच्या सहवासात राहून तो त्याच्यासारखा दिसायला लागला, पण त्याचं मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे पंथ, मागून चालणाऱ्यांचा मेळा. सहा कप, सहा बश्या, एक किटली, हा खरा तर एक छोटा संप्रदाय आहे. त्यातला एक कप फुटला की उरलेल्यांना जी अवकळा येते ती पाहिली की हे पटतं. सेक्टाच्या मागचा धातू म्हणजे संस्कृतातला 'सच्', सोबत करणे, आणि त्यापासून 'सचिव'. कपबशीचा सेट आणि मंत्रालयातले सचिव हे एका रक्ताचे निघाले. दोघंही मोठ्या पाहुण्यांसमोरच बाहेर येतात.

एवढं सगळं झाल्यावर मूळ प्रश्न उरला. आपल्याकडे बसवणे असताना, लावणे असताना, सेट घरात आलाच कशाला? ह्याचं उत्तर मला कोशात मिळालं नाही. ते आमच्या न्हाणीघरात मिळालं.

मे महिन्यात न्हाणीघराच्या लाद्या बदलल्या होत्या. गवंडी फार बोलणारा नव्हता. उकिडवा बसून थापीनं माल पसरायचा, त्यावर लादी ठेवायची, मुठीच्या उलट्या बाजूनं चार कोपऱ्यांना हलकेच ठोकायची, लेव्हलच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला की पुढची. ठोकल्याचा आवाज बदलला की त्याला कळायचं, खाली पोकळी नाही. कान तिरका करून ऐकायचा, एखाद्या वैद्यानं छातीचे ठोके ऐकावेत तसा. संध्याकाळी हात धुऊन निघताना म्हणाला, "साहेब, लादी बसवलीय. आता माल सेट होऊ द्या. सकाळपर्यंत पाय देऊ नका."

एकाच दमात दोन्ही! आणि दोघांची वाटणी किती नीट. लादी तो बसवतो. त्याचा हात लागतो, डोळा लागतो, कान लागतो. माल सेट होतो. त्याला कोणी काही करायचं नसतं, फक्त लांब राहायचं असतं. जिथे आपला हात चालतो तिथे मराठीनं बसवणे ठेवलं, आणि जिथे हात मागे बांधून नुसती वाट पाहायची तिथे सेट होणे आणलं. मग पटापट दिसायला लागलं. फ्रीजमधला खरवस सेट होतो. नवा चष्मा आठवड्यानं डोळ्याला सेट होतो. नवी सून घरात सेट होते, आणि ह्यात तिच्यावर हातोडी चालवायची नसते हे सासूला कळायला थोडा जास्त वेळ लागतो.

सिमेंटच्या बाबतीत निदान कायदा आहे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटनं घट्ट होऊ लागायला निदान ३० मिनिटं घ्यायला हवीत आणि ते पूर्ण घट्ट व्हायला ६०० मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नये. दहा तास. मुलगा सेट व्हायला किती लागावेत ह्याचं मानक अजून कोणी काढलेलं नाही. म्हणून आमची मावशी दर रविवारी फोन करून विचारते, "झालं का गं सेट?" आणि माझ्या बायकोला आधी अंदाज घ्यावा लागतो की मावशी मुलाबद्दल विचारतेय की रात्री लावलेल्या दह्याबद्दल. दोन्हीचं उत्तर बहुधा एकच असतं: "अजून थोडं पातळ आहे."

बिचाऱ्या प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांची तर दुहेरी पंचाईत. त्यांच्यासाठी सेट नावाची राज्यपातळीवरची परीक्षाच आहे. ती पास झालेला माणूस गावाकडे सांगतो की मी सेट झालो. गाव विचारतं, नोकरी? तर तासिका तत्त्वावर. म्हणजे सेट झालेला, पण सेट न झालेला. माझ्या ओळखीत असा एक जण आहे. सेटही आहे, नेटही आहे, दोन कॉलेजांच्या मध्ये मोटरसायकलवर आहे.

ह्याच घराण्यातला सेटल. जुन्या इंग्रजीत 'सेटल' म्हणजे आसन, खुर्ची. लग्नाच्या बाजारात 'वेल सेटल्ड' लिहितात त्याचा शब्दशः अर्थ, चांगल्या खुर्चीत बसलेला. आणि हल्लीच्या मुलांबाबत तो शब्दशः खराही आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ बसलेले असतात. कंपनी खुर्ची चांगली देते, तरी तिसाव्या वर्षी मणका सरकतो. मग डॉक्टर म्हणतात, जीवनशैली सेडेंटरी आहे, आणि हा सेडेंटरीही सद् च्याच पंगतीतला. पत्रिकेत गुण किती जुळले ते सांगतात, मणके किती जुळतात तेही छापायला हरकत नाही.

'सेटिंग' ह्या शब्दानं आमच्याकडे जे केलं ते इंग्रजांना सांगूनही खरं वाटणार नाही. त्यांच्याकडे सेटिंग म्हणजे हिऱ्याचं कोंदण, फार तर नाटकाची पार्श्वभूमी. आमच्याकडे दोघांचं कॉलेजात जमलं की सेटिंग. तीन वर्षं अडकलेला नळजोडणीचा कागद एका दुपारी सुटला की सेटिंग. मी स्वतः एका कार्यालयात असा कागद घेऊन सात वेळा गेलो. सातव्या वेळी खिडकीतल्या गृहस्थांनी करुणेनं विचारलं, "तुमची आत काही सेटिंग नाही का?" घरी येऊन मी फोन आप्पांच्या हातात दिला, तर ते म्हणाले, अक्षरं बारीक झालीत, बहुतेक सेटिंगमध्ये बिघाड आहे. मी म्हटलं, आपल्या घराच्या सेटिंगमध्येच बिघाड आहे.

सूर्यालाही ह्यांनी सोडलेलं नाही. इंग्रजीत सूर्य सेट होतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेट्लगांग' म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणं. दिवसभर चालून दमलेला सूर्य संध्याकाळी आपल्या खुर्चीकडे निघाला. आपल्याकडे सूर्य मावळतो, बुडतो, अस्ताला जातो, पण बसत नाही. आपला सूर्य डोंबिवलीचा असावा. त्याला बसायला जागा मिळत नाही.

आणि जागेच्याच बाबतीत सेटचंही नशीब फिरलं. ऑक्सफर्डच्या कोशाची नवी आवृत्ती होऊ लागली आणि सेटचा पहिला नंबर गेला. सध्या पुढे आहे 'रन'. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ, आणि ते लावायला एका संपादकाला नऊ महिने लागले. धावणाऱ्यानं बसलेल्याला मागे टाकलं, ह्यात तसं नवल नाही. पण शाळेच्या मैदानावरची शर्यत आठवते? आमचे पी.टी.चे सर चुन्याच्या रेषेमागे आम्हाला ओणवं करून ओरडायचे, "ऑन्यूमाऽऽर, गेऽऽसेट, गो!" सेट आणि धावणं ह्यांच्यात एका शिट्टीचं अंतर. त्यात गंमत अशी की पहिल्या हुकमाला गुडघा टेकून खाली बसायचं आणि 'सेट' म्हटलं की ढुंगण वर उचलायचं. ज्या शब्दाचा जन्मच बसवण्यासाठी झाला त्याच्या हुकमावर जगभरचे धावपटू उठतात.

डोंबिवली स्टेशनात हे रोज उलट्या क्रमानं चालतं. सकाळची गाडी फलाटाला लागत असतानाच माणसं धावतात, चालत्या डब्यात उडी घेतात, आणि हे सगळं कशासाठी, तर बसण्यासाठी. बसलेल्या तिघांच्या कडेला चौथा कमरेचा एक कोपरा टेकवतो आणि म्हणतो, "जरा सेट व्हा ना." तिघं एकही शब्द न बोलता दोन-दोन बोटं सरकतात. चौथा बसतो. त्याचा अर्धा देह हवेत असतो, पण चेहऱ्यावर वेल सेटल्ड माणसाचं समाधान असतं.

हे सगळं मी पाच दिवस आप्पांना हप्त्याहप्त्यानं सांगत होतो, आरतीच्या आधी आणि नंतर. पुतण्या ऐकत असायचा. 'अपसेट'चं मूळ त्याला फार आवडलं. पोट बिघडलं, मन बिघडलं की आपण अपसेट म्हणतो. पण सुरुवातीला त्या शब्दाचा अर्थ अगदी उलटा होता, उचलून उभं करणे, वर बसवणे. पुढे तो स्वतःच उलथला. "म्हणजे अपसेटच अपसेट झाला," असं म्हणून तो स्वतःच्या विनोदावर खूप हसला. आप्पा हसले नाहीत, पण त्या दिवशी त्याला मोदक एक जास्त मिळाला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा झाली. दही-पोह्यांचा नैवेद्य झाला. आमच्याकडे उत्तरपूजेनंतर घरातला सगळ्यात मोठा माणूस मूर्ती जागेवरून बोटभर हलवतो. मग बाप्पा निघाला असं समजायचं. आप्पा पाटापाशी वाकले. हात थरथरत होते म्हणून त्यांनी पुतण्याला जवळ बोलावलं, त्याचे तळवे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि वर आपले ठेवले.

"आता काय करायचं, आजोबा?"

"काही नाही. नुसतं जरा हलवायचं. बसवलं होतं ना आपण, ते मोडायचं."

पुतण्यानं क्षणभर विचार केला. "म्हणजे अपसेट?"

मी आप्पांकडे पाहिलं. चुकलेल्या शब्दाला त्यांनी कधी सोडलेलं नाही. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

"हं," ते म्हणाले. "हलव."